विजांची भीती : चाळिशी आली तरी जात नाहीये

गिरणाकाठ | १९ मे, रात्री ११:४०

हा धागा काढू की नको असं दोन वर्षं चाललंय. आज काढतेच.

वय ३९. माहेर भडगावकडचं, सासर जळगाव. बँकेत नोकरी. दिवसभर काउंटरवर लोकांशी हुज्जत घालते, रात्री उशीर झाला तर एकटी स्कूटरवर येते, घरात पाल निघाली की सगळे मलाच हाक मारतात. पण आभाळ काळवंडलं की मी मी राहत नाही. वीज चमकायच्या आधीच तळहात ओले, पोटात खड्डा. कडाडली की डोकं बंद. पळत सुटायचं एवढंच कळतं.

आज काय झालं ते सांगते. सकाळपासून गच्चीवर बिबडे घातले होते. जुन्या साडीवर, चार ओळी. दुपारी ऊन असं की अनवाणी पाय टेकवत नव्हता. साडेचारला सातपुड्याच्या बाजूने काळं चढायला लागलं. सासूबाई आणि मी वर गेलो. बिबडे वरून वाळलेले, खालून अजून ओले, साडीला धरून बसलेले. एकेक अलगद सोडवायचा तर वेळ लागतो. दोन ओळी झाल्या आणि लख्ख झालं. माझ्या हातात पाटी होती, ती तिथेच टाकली आणि खाली पळाले. ६८ वर्षांच्या बाईला वर एकटं सोडून. सरळ बाथरूममध्ये. कडी लावली, नळ पूर्ण सोडला, म्हणजे बाहेरचं ऐकू येत नाही. ही माझी नेहमीची जागा. दीड तास.

मध्येच दार वाजलं. मुलगी होती, आठ वर्षांची. आत घेतलं तर ती काही न बोलता माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि दोन्ही कानांत बोटं घातली. तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी शिकवलं.

म्हणून हा धागा. मोठ्या माणसांपैकी कोणाला असं होतं का? गेलं का? कसं गेलं? 'देवाचं नाव घे' हे सांगू नका, ते घेऊन झालंय.

कळण्याची भाकर | २० मे, सकाळी ७:०५

ताई, मला वाटायचं अख्ख्या खानदेशात मी एकटीच आहे! माझं बाथरूम नाही, पलंग आणि गोधडी. मे महिन्यात, ४४ डिग्रीत, गोधडी. नवरा म्हणतो तू विजेने नाही, उकडून जाशील.

उपाय माझ्याकडे नाही. फक्त हात वर करायला आले.

रावेरकर | २० मे, सकाळी ९:३०

राग मानू नका, पण शहरात स्लॅबखाली बसून कसली भीती? वादळाची भीती आम्हाला विचारा. कटाईला आलेली बाग, घड भरलेले, आणि पंधरा मिनिटांचा वारा. झाड मधूनच मोडतं. सकाळी बांधावर उभं राहिलं की आडवी बाग बघायची, पंचनाम्याची वाट बघायची. कडकडाट झाला काय, नाही झाला काय, आम्हाला ऐकूसुद्धा येत नाही. आमचे कान वाऱ्याकडे असतात.

पांझरा | २० मे, सकाळी १०:१५

रावेरकर भाऊ, तुमचं नुकसान खरं आहे, त्याबद्दल कोणी नाही म्हणत नाही. पण त्या बाईने केळीच्या बागेशी बरोबरी केलेली नाही. तुमची भीती वादळ गेल्यावर हिशेबाची होते. तिची वादळ यायच्या आधी सुरू होते, आणि तिला पंचनामा नाही.

गिरणाकाठ, हे लहानपणापासूनच आहे का मोठेपणी सुरू झालं?

गिरणाकाठ | २० मे, दुपारी २:१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

लहानपणापासून. खरं कारण काल लिहिलं नाही, लाज वाटली. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेले.

आमच्याकडे पायाळूवर वीज पडते असं म्हणतात, हे इथे बहुतेकांना माहीत असेल. आमचं घर धाब्याचं होतं. ढग दिसला की आजी मला शोधत यायची, मी कुठेही असो. शाळेच्या मैदानातूनही एकदा ओढत नेलंय. "घरमा चाल पोरी, तू पायाळू शेस, इज तुलेच देखस." मग मधल्या खोलीत, कणगीच्या मागे, अंगावर घोंगडी. बाकीची चुलत भावंडं अंगणात गारा वेचायची. मी अंधारात धान्याच्या वासात बसून बाहेरचा आरडाओरडा ऐकायचे. आजी पाठीवर हात फिरवत अर्जुनाची दहा नावं म्हणायची आणि प्रत्येक कडकडाटाला तिचाच हात घट्ट व्हायचा. तो हात आठवतो अजून.

बारावीला फिजिक्स होतं. वीज म्हणजे काय ते लिहून मार्क मिळवलेत. डोक्याला कळतं हो. अंगाला कळत नाही.

उलट्या पावली | २० मे, संध्याकाळी ६:४५

मी पण पायाळू! वय ५२, तालुका चोपडा. मला मात्र उलटा फायदा झाला. गावात कोणाची उसण भरली की मला बोलावणं. कंबरेवर पाय लावायचा आणि चहा-पोहे खाऊन यायचं. विजेचं आमच्याकडेही म्हणायचे. पण बापाला शेतात हात हवे होते, त्यामुळे मला लपवून ठेवायला कोणाला सवड नव्हती. ५२ पावसाळे झाले, वीज अजून पत्ता शोधतेय.

जुनं ते सोनं | २० मे, रात्री ८:२०

थट्टा करू नये. जुन्या लोकांनी काही बघूनच म्हटलं असेल.

पांझरा | २० मे, रात्री ८:५०

काय बघून? वीज जमिनीकडे उतरते तेव्हा उंच, टोकदार, एकटं उभं असलेलं काही सापडलं तर तिथे जायची शक्यता वाढते. झाड, मनोरा, मोकळ्या रानातला माणूस. पोटातून डोकं आधी आलं की पाय, हे तिला दिसत नाही. भारतात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने जातात, त्यातली बरीचशी शेतात, उघड्यावर किंवा झाडाखाली. ती सगळी पायाळू होती का? ती कामावर होती.

आजीला दोष नाही देत. नातीला घरात घ्यायची ही कृती बरोबरच होती, कारण चुकीचं सांगितलं. आणि बाकीच्या पोरांना अंगणात सोडलं ही खरी चूक.

गिरणाकाठ | २० मे, रात्री ९:३०

हे वाचून बराच वेळ गप्प बसले. खरंय की. गारा वेचणारी पोरं धोक्यात होती, मी नव्हते.

मनमोकळं | २१ मे, सकाळी ६:५०

मी समुपदेशनाचं काम करते, धुळ्याला. ऑनलाइन कोणाचं निदान करत नाही, पण चार गोष्टी सांगता येतील.

या भीतीला अ‍ॅस्ट्राफोबिया म्हणतात आणि ती मोठ्या माणसांत भरपूर आढळते, फक्त ती सांगत नाहीत. साधी भीती आणि हिच्यात फरक कसा करायचा? सुरक्षित जागी पोचल्यावर साधी भीती उतरते. ही उतरत नाही. शिवाय सहा महिन्यांहून जास्त टिकलेली असते आणि कामात, घरात अडथळा आणते.

गिरणाकाठ, तुम्ही गच्चीवरून खाली पळालात ते शंभर टक्के बरोबर केलंत. वीज दिसल्यावर गच्चीवर कोणीच थांबायला नको होतं. खरं तर सासूबाईंनाही ओढून आणायला हवं होतं. बिबडे पुन्हा घालता येतात. तेव्हा त्या पळण्याची लाज मनातून काढून टाका. प्रश्न खाली आल्यानंतरच्या दीड तासाचा आहे.

आणि नेमकी ती जागा चुकीची आहे! घरावर किंवा जवळपास वीज पडली तर नळाच्या लोखंडी पाइपातून आणि पाण्यातून करंट येऊ शकतो. म्हणून वादळात अंघोळ, भांडी, नळ नको असं सांगतात. म्हणजे भीतीने तुम्हाला घरातल्या सगळ्यात कमी सुरक्षित कोपऱ्यात नेऊन बसवलंय.

कळण्याची भाकर | २१ मे, सकाळी ७:१५

अगं बाई! गोधडी बरी म्हणायची की मग.

मनमोकळं | २१ मे, दुपारी १:३०

गोधडी विजेच्या दृष्टीने बरी, भीतीच्या दृष्टीने नाही. :) तेच पुढे सांगते.

आपण लपतो, वादळ जातं, जिवाला हायसं वाटतं. मेंदू नोंद करतो : लपलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर लपायला सांगतो. कान झाकणं, नळ सोडणं, दर पाच मिनिटांनी मोबाइलवर हवामान बघणं, नवऱ्याला दहादा 'थांबलं का' विचारणं, सगळं एकाच माळेतलं. त्या क्षणी बरं वाटतं आणि भीती जगते. उलट पळ न काढता थांबलं तर घाबरगुंडी चढते, टोकाला जाते आणि आपसूक उतरते. शरीर तेवढ्या जोरात फार वेळ धावू शकत नाही. ते उतरणं अंगाने एकदा अनुभवायला लागतं. पुस्तकातलं फिजिक्स तिथे कामाला येत नाही, तुम्ही म्हणालात तसंच.

पण एकदम खिडकीत उभं राहायचं नाही. पायरीपायरीने. वादळ आपल्या सोयीने येत नाही, म्हणून ध्वनिमुद्रण वापरतात. मोबाइलवर गडगडाटाचा आवाज, अगदी बारीक, दिवसा, कोणीतरी घरात असताना. तोच आवाज रोज, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की आवाज एक काडी वाढवा. मग इअरफोन. मग अंधारात. घाई केली तर भीती उलटते. जीव घाबरला की श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या, मनात चार मोजत घ्या, सहा-सात मोजत सोडा.

छातीत धडधड फार होत असेल, पावसाळ्याच्या विचाराने झोप जात असेल, तर प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका. कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

सातपुड्यापल्याड | २१ मे, रात्री १०:००

माझ्या बायकोला हे आहे, म्हणून नवऱ्यांसाठी लिहितो. पहिली सहा वर्षं मी 'त्यात काय घाबरायचं' म्हणायचो. मग एकदा मीच लिफ्टमध्ये अडकलो. वीस मिनिटं. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "त्यात काय घाबरायचं?"

आता वादळ आलं की मी काही बोलत नाही. शेजारी बसतो, पत्त्यांचा डाव मांडतो. ती हरते, पण बसते.

पांझरा | २२ मे, सकाळी ८:४०

मुलीसाठी एक. मोजायला शिकवा. प्रकाश लगेच दिसतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. म्हणजे दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. चमकल्यापासून पंधरा आकडे झाले तर वीज पाच किलोमीटरवर. तीसच्या आत आवाज आला तर घरात जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

मला लहानपणी भीती वाटायची ती लांबलचक घरंगळत्या आवाजाची. पुढे कळलं की वीज म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीची एक रेघ असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा नंतर, म्हणून गडगड लांबते. जवळ पडली तर एकच कडाका. आणि कडाका ऐकलात म्हणजे ती वीज संपलेली आहे. जिचा आवाज तुम्ही ऐकता ती तुम्हाला काही करू शकत नाही.

मनमोकळं | २२ मे, सकाळी ९:१०

छान. फक्त मोजणंही जपासारखं होऊ देऊ नका. दोन-तीनदा मोजा, आत जायचं का ते ठरवा, मग आपलं काम करा.

गिरणाकाठ | ९ जून, रात्री १०:३०

मृग निघाला, आणि मी आलेय हजेरी द्यायला.

तीन आठवडे रोज रात्री भांडी आवरली की मोबाइलवर गडगडाट. पहिल्या दिवशी आवाज इतका बारीक होता की फ्रिजचा जास्त येत होता, तरी मानेवर काटा. पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली, आई, हे किती बोअर आहे. तिच्या त्या 'बोअर'ने माझं निम्मं काम केलं.

परवा खरा आला. बाथरूमकडे पाय वळले होते, खोटं कशाला सांगू. पण नळाचं वाचलं होतं ना! चिडून स्वयंपाकघरात गेले आणि कट्ट्याला पाठ लावून खाली बसले, भिंतीकडे तोंड करून. मुलगी मोजत होती, मोठ्याने. अकरा. नऊ. मग सहा. सहाला मी रडले. तिला सांगितलं, मला आवाजाने दचकायला होतं, पण आपण पक्क्या घरात आहोत. ती म्हणाली, मग तू दचक, मी मोजते.

वीस-पंचवीस मिनिटांनी हात कोरडे झाले. बाहेर पाऊस चालूच होता आणि माझे हात कोरडे. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

कळण्याची भाकर | १० जून, सकाळी ७:००

मग तू दचक, मी मोजते! अगं, डोळ्यांत पाणी आलं. मी गोधडीतून डोकं बाहेर काढलंय, एवढंच. पाय आतच.

रावेरकर | १४ जून, रात्री ९:५०

मागे मी जे लिहिलं ते जरा उद्धट होतं. आता खरं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बांधापलीकडच्या शेतात निंबाखाली बैलजोडी बांधलेली होती. वीज निंबावर पडली. बैल जागेवर गेले, दोन्ही. सालदार वीस-पंचवीस पावलांवर गोठ्याच्या दारात होता, तो वाचला. मी माझ्या मळ्यातून बघितलं. सालभर त्या निंबाखालून गेलो नाही, लांबून वळसा घालायचो. बायकोला सांगायचो, तिकडे चिखल असतो. उन्हाळ्यातसुद्धा चिखल!

बैल का गेले ते नंतर कृषी सहायकाने समजावलं. वीज झाडातून जमिनीत उतरते आणि चारी बाजूंना पसरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब लांब असतात, त्यामुळे एका पायातून चढून दुसऱ्या पायातून उतरते, आणि वाटेत काळीज असतं. माणूस उघड्यावर सापडलाच तर पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये, असं त्यानेच सांगितलं. पण ते अगदीच नाइलाज म्हणून, त्याने वाचतोच असं नाही. खरा उपाय म्हणजे आधीच घर गाठणं, नाहीतर बंद पत्र्याची गाडी. ट्रॅक्टर चालत नाही. आणि गाडीत टायर वाचवत नाहीत, पत्रा वाचवतो.

आता मजुरांसाठी फोनवर दामिनी अ‍ॅप ठेवलंय. पुण्याच्या हवामान संस्थेने, आयआयटीएमने काढलेलं आहे, आसपास वीज असली की इशारा देतं. इशारा आला की कटाई थांबवतो. व्यापाऱ्याची गाडी उभी असली तरी. पहिल्यांदा थांबवली तेव्हा मजूर हसले. सांगू दे कोणाला काय सांगायचं ते.

उलट्या पावली | १४ जून, रात्री १०:२०

भाऊ, चिखल वाळला का?

रावेरकर | १४ जून, रात्री १०:३५

वाळतोय.

भुसावळ जंक्शन | १५ जून, सकाळी ११:००

अ‍ॅप मी पण घेतलं होतं. रात्री दोनला उठून बघायला लागलो, तेव्हा काढून टाकलं. ज्याला आधीच धास्ती आहे त्याने काय करावं?

मनमोकळं | १५ जून, दुपारी २:००

शेतात काम असेल तर ते हवंच, बाहेर असताना. रात्री पक्क्या घरात झोपलेल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. इशारा आला तरी करणार काय? आहात तिथेच राहणार. तुम्ही काढलंत ते ठीक केलंत. कामावर जाताना पुन्हा टाका.

अजून एक, सगळ्यांसाठी. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. हात लावायला घाबरू नका. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ लावा. 'हात लावू नको' म्हणत लोक लांब उभे राहतात, त्यात वेळ जातो.

जुनं ते सोनं | १५ जून, रात्री ८:१०

हे माहीत नव्हतं. आभारी आहे.

गिरणाकाठ | २ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

हस्त लागलाय, धागा वर काढते.

पावसाळा कसा गेला ते थोडक्यात. जुलै-ऑगस्ट सोपे, नुसती झड. पोळ्याला माहेरी होते तेव्हा मात्र हरले. रात्री लाइट गेली आणि जवळच कुठेतरी कडाडलं. चाळिशीची बाई कणगीच्या जागी ठेवलेल्या कपाटाच्या मागे जाऊन बसले. दोन दिवस स्वतःवर चिडले. मग मनमोकळंताईंना व्यक्तिगत निरोप केला. त्या म्हणाल्या, जिथे भीती शिकलात तिथे ती उशिरा जाणार. जळगावात एका तज्ज्ञ बाईंकडे चार वेळा जाऊन आले, अजून जाणार आहे.

आजी आता ८८ची आहे. तिला विचारलं, तूच इतकी का घाबरायचीस? बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, तिचा धाकटा भाऊ ढोरं चारायला गेला होता, आषाढात. झाडाखाली उभा होता. नऊ वर्षांचा. मी म्हटलं, तो पायाळू होता? म्हणाली, "नही व. तो सरळ व्हता."

एवढं आयुष्य तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आईलाही नाही.

आत्ता हे लिहितानाच पश्चिमेला गडगडायला लागलंय. मुलगी गॅलरीच्या दारात, काचेच्या आत, मोजतेय. बावीस. माझा हात थोडा ओला आहे, की-बोर्डला चिकटतोय. दोरीवर सगळे कपडे आहेत, त्यात सासूबाईंचं नवं लुगडं, आणि त्या चप्पल घालून गच्चीकडे निघाल्यात. उठते. ओढून आणायचंय.

कळण्याची भाकर | २ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५५

आणलं का?

गिरणाकाठ | २ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४०

आणलं. लुगडं भिजलं. बोलत नाहीयेत माझ्याशी.